वाजवून पाहिलं

टाइलच्या कारखान्यात त्याला सगळे टिचकीदादा म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथेच राहिलं. निवृत्त होईपर्यंत छत्तीस वर्षं तो छाटणी खात्यात एका लांबलचक टेबलापाशी उभा होता. भट्टीतून आलेली टाइल डाव्या हाताच्या बोटांवर तोलायची, उजव्या हाताने तिला टिचकी मारायची आणि ऐकायचं. खणखणीत वाजली तर माल पक्का. बद्द वाजली तर कुठेतरी केसाएवढा तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो न दिसो. ऐकून झालं की कानावर खोचलेली निळी पेन्सिल काढायची आणि टाइलच्या पाठीवर रेघ ओढायची. एक रेघ म्हणजे पहिल्या प्रतीचा माल. दोन म्हणजे दुसरी प्रत. तीन म्हणजे न्हाणीघराच्या कोपऱ्यात खपून जाईल अशी. चार रेघांची टाइल कुणी फुकट नेली तरी कारखाना आभार मानायचा. आणि पाच रेघा पडल्या की ती सरळ चुऱ्याच्या ढिगात.

या कामाला तोंड लागत नाही. भट्टीच्या घरघरीत बोलून ऐकू तरी कुणाला जाणार? त्यामुळे खात्यातली सगळी माणसं रेघांवर आणि मान हलवण्यावर दिवस काढत, आणि टिचकीदादा तर त्यांच्यातला अगदी मुरलेला. घरी आला तरी तेच. भाजी आवडली की दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा, नाही आवडली तर एकदाच खाऊन उठायचा. बायकोला ही भाषा यायची. “बाबांना आवडलं बरं का,” असं ती लेकीला सांगायची. लेक नऊ वर्षांची असताना बायको गेली आणि घरातला दुभाषी गेला.

पुढे दोन वर्षांनी लेकीने एक गोष्ट लिहिली. हरवलेल्या छत्रीची गोष्ट, वहीची सहा पानं भरून. तो कामावरून आला तेव्हा तिने वही त्याच्यापुढे ठेवली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. त्याने सगळी वाचली. छत्री शेवटी ज्या माणसाकडे सापडते त्याच्याकडे ती परत मागायची मालकाला लाज वाटते, ती जागा त्याने दोनदा वाचली. त्याने कानावरची पेन्सिल काढली, शेवटच्या ओळीखाली एक रेघ ओढली आणि वही परत दिली. पोरीने रेघेकडे पाहिलं, वही मिटली आणि आत गेली. त्यानंतर तिने त्याला कधी काही दाखवलं नाही. पोर मोठी झाली, आता बापाला कशाला दाखवेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

पोर खरंच मोठी झाली. दुसऱ्या गावी एका दातांच्या डॉक्टरांकडे रोग्यांच्या वेळा लावायचं काम करू लागली, दर रविवारी न चुकता फोन करू लागली. “जेवलात का?” “हं.” “गोळ्या घेतल्या?” “हं.” एवढ्यावर फोन संपायचा. एकदा भेटायला आली तेव्हा मात्र निघता निघता, चपला घालताना, खाली बघत म्हणाली, “बाबा, ती अंतराळातल्या जहाजाची मालिका लागते ना टीव्हीवर, तिच्यावरचं एक छोटं ई-बुक मी लिहिलंय. चाळीसच पानं आहेत. तुमच्या फोनवर घालून ठेवते.”

“हं.”

“महिनाभर वाचकांची मतं बघणार आहेत प्रकाशक. चांगली पडली तर पुढची मोठी कादंबरी मला देणार. नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी.”

“हं,” तो म्हणाला आणि तिला बसपर्यंत सोडून आला. फोनमधल्या त्या पुस्तकांच्या दुकानात लेकीने त्याचं खातंही उघडून दिलं होतं. नाव टाकलं होतं ‘टिचकीदादा’.

त्याने चाळीस पानांना तीन दिवस लावले. मालिकेत एक म्हातारा होता. दोनदाच दिसायचा, जहाजाच्या भिंतींपाशी घुटमळायचा, कुणी विचारायचंही नाही त्याला. लेकीने नेमका तोच उचलला होता. तिच्या पुस्तकात तो म्हातारा रोज जहाजाच्या भिंतीच्या एकेका पत्र्याला टिचकी मारून ऐकायचा. एक दिवस एक पत्रा बद्द वाजतो. यंत्रं सांगतात सगळं ठीक आहे, कप्तान सांगतो जाऊन झोप, आणि म्हातारा एकटाच त्या पत्र्याला तळहात लावून उभा राहतो. बाराव्या पानावर लिहिलं होतं की टिचकी मारताना तो डोळे मिटायचा. टिचकीदादाने फोन खाली ठेवला. आपण डोळे मिटतो हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. बाजारात मडकं घेताना, नवी बादली घेताना, घराचं दार बसवून घेताना ही पोर शेजारी उभी असायची, आणि ती बघत होती.

तिला फोन लावावा असं त्याला फार वाटलं. लावून बोलायचं काय ते काही केल्या सुचेना. रविवारी ती करेलच, असं म्हणून राहिलं.

पुस्तकाच्या शेवटी पाच तारे होते आणि खाली लिहिलं होतं, ‘तुमचं मत द्या’. त्याला हायसं वाटलं. हे त्याच्या ओळखीचं काम होतं. त्याने डोळे मिटले, सगळं पुस्तक मनातल्या मनात एकदा वाजवलं, कुठेही बद्द लागलं नाही, आणि एका ताऱ्यावर बोट दाबलं. शेजारी लिहायला जागा होती, तिथे खात्यातले लोक मालाची खात्री देताना म्हणायचे तेच दोन शब्द लिहिले. ‘वाजवून पाहिलं.’

मग तो इतरांची मतं वाचायला लागला आणि त्याचं डोकं फिरलं. चौदा जणांनी मतं दिली होती आणि बहुतेकांनी पाच-पाच तारे ठोकले होते. आधी त्याला वाटलं आपलंच काही चुकतंय, पण वाचावं तर शंकाच उरेना. ‘फारच लहान! चहा निवायच्या आत संपलं,’ पाच तारे. ‘या म्हाताऱ्याने मला ढसाढसा रडवलं,’ पाच तारे. ‘शेवट वाचून जीव कासावीस झाला, दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही,’ पाच. ‘वेड लागायची पाळी आली,’ पाच. एकाने तर हिशेब काढला होता की मालिकेत जहाजाला सात दरवाजे आहेत आणि पुस्तकात आठ, पण त्याने त्यातल्या त्यात दया येऊन चार दिले होते. सगळ्या तक्रारी. त्याच्या लेकीचं पुस्तक लोक चुऱ्यात टाकायला निघाले होते.

आयुष्यात कुणाच्या दारी शब्द टाकायला न गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभा राहिला. मधल्या सुट्टीत त्याने छाटणी खात्याची माणसं उपाहारगृहात गोळा केली. “लेकीचं पुस्तक आहे,” तो म्हणाला. “लोकांनी पाच मारलेत.” एवढंच पुरलं. टेबलाभोवती हळहळ पसरली. पॅकिंगवाल्या बाईंनी पहिला फोन काढला. ज्यांना जमत नव्हतं त्यांना जमणाऱ्यांनी खाती उघडून दिली. चार दिवसांत तेवीस जणांनी पुस्तक घेतलं आणि तेवीस जणांनी एकेक तारा दिला. वाचलंही बऱ्याच जणांनी, हे सांगायला हवं. भट्टीवाला म्हणाला, “दादा, तो म्हातारा डिट्टो तुम्ही.” आणि लिहायचं काय ते कुणालाच न सुचल्यामुळे सगळ्यांनी टिचकीदादाचंच बघून लिहिलं. ‘मीपण वाजवलं.’ ‘आम्ही सगळ्यांनी मिळून वाजवलं.’ ‘छाटणी खात्याने चांगलंच वाजवलं.’

पुस्तकाच्या नावाखाली सरासरी दिसायची. साडेचारच्या वर होती ती अडीचच्या खाली आली. तो रोज सकाळी चष्मा लावून बघायचा आणि खूश व्हायचा. एकावर आणल्याशिवाय सोडायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

त्या रविवारी लेकीचा फोन आला नाही. पुढच्याही रविवारी नाही. त्याला वाटलं, मोठी कादंबरी मिळाली असणार, लिहीत असेल. उगाच मध्ये आपली कटकट नको.

महिना उलटून दोन दिवस झाले तेव्हा तो रक्तदाबाच्या गोळ्या आणायला कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेला. काउंटरवर एक नवी पाटी होती. ‘सेवा आवडली? आम्हाला पाच तारे द्या!’ टिचकीदादाने ती दोनदा वाचली. दुकानदार चांगला माणूस होता, वीस वर्षांची ओळख.

“का हो,” त्याने हळूच विचारलं, “धंदा इतका वाईट चाललाय?”

“का बरं?”

“स्वतःहून पाच मागताय.”

दुकानदार हसला. “मग काय एक मागू? काका, पाच म्हणजे सगळ्यात उत्तम. एक म्हणजे कचरा.”

गोळ्या काउंटरवर तशाच राहिल्या. तो घरी न जाता तडक कारखान्यावर गेला. स्वतःचा तारा त्याने वाटेतच बदलला होता. खात्यातले काही जण पासवर्ड विसरले होते, काहींनी जागा भरते म्हणून दुकानच फोनमधून काढून टाकलं होतं. बदलणारे नऊ निघाले. तोही आता कोरडा उपचार होता, कारण महिना परवाच संपला होता. पॅकिंगवाल्या बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “दादा, आपण त्या पोरीला बुडवलं हो.” त्याने मान हलवली. या वेळी ती कशासाठी हलवली ते सगळ्यांना कळलं.

रविवारी सकाळच्या बसने तो लेकीकडे गेला. न कळवता तो पहिल्यांदाच गेला होता. तिने दार उघडलं, “या,” म्हणाली, पाणी आणून दिलं आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

“मी एक तारा दिला,” तो म्हणाला.

“पाहिलं मी.”

“खात्यातल्या सगळ्यांनी दिला.”

“तेही पाहिलं. तेवीस जणांनी. वाजवलं म्हणे चांगलंच.” ती हे रागाने म्हणाली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“मोठी कादंबरी?”

“दुसऱ्याला दिली. गुरुवारी कळवलं.”

त्याने खिशातून निळ्या पेन्सिलीचा तुकडा काढला. टेबलावर एक जुनं पाकीट पडलं होतं, त्याच्या पाठीवर एक रेघ ओढली. “हा पहिल्या प्रतीचा माल,” तो म्हणाला. मग शेजारी पाच ओढल्या. “हा चुऱ्याला. छत्तीस वर्षं हेच केलं. औषधवाल्याने सांगेपर्यंत मला उलटं असतं हे माहीत नव्हतं.”

ती पाकिटाकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, आधी हळू, मग मोठ्याने, “सगळ्यांनी मिळून वाजवलं,” असं म्हणत ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्यालाही थोडं हसू आलं. आणि मग ती एकदम थांबली. तिने पाकीट हातात घेतलं, आणि त्या एकट्या रेघेवर बोट ठेवलं.

“बाबा. छत्रीची गोष्ट.”

“हं.”

“तिच्याखाली एकच रेघ होती.”

“एकच,” तो म्हणाला. “दुसरी ओढण्यासारखं काही नव्हतंच तिच्यात.”

“मला वाटलं, दहापैकी एक.” ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. “अकरा वर्षांची होते मी. शाळेत दहापैकी द्यायचे ना. मला वाटलं, बाबांनी एक दिला. मग ठरवलं, यांना पुन्हा दाखवायचं नाही. सत्तावीस वर्षं नाही दाखवलं. आणि या वेळी म्हटलं, अख्खा म्हातारा यांच्यावरच बेतलाय, हा तरी आवडेल. तर पुन्हा एकच.”

पुस्तकाचं दुःख घेऊन तो आला होता. त्याच्यामागे हे एवढं मोठं काही उभं असेल, याची त्याला कल्पनाच नव्हती. त्या दिवशी ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तिने रेघेकडे पाहिलं होतं, वही मिटली होती. सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं होतं. टाइलमधला केसाएवढा तडा ऐकणाऱ्या माणसाला ते ऐकू आलं नव्हतं.

“वही आहे का ती?” त्याने विचारलं.

“त्याच वर्षी रद्दीत दिली.”

“हं.”

“हं नाही, बाबा,” ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. “हं नाही. तोंडाने सांगायचंत ना. एक शब्द. आई असती तर तिने सांगितलं असतं. तुम्ही का नाही सांगितलंत?”

भट्टीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार, हे उत्तर त्याने आयुष्यभर स्वतःला दिलं होतं. पण घरात भट्टी कधीच नव्हती. त्याने पेन्सिलीचा तुकडा टेबलावर ठेवला, दोन्ही हात गुडघ्यांवर घेतले, घसा खाकरला. मग डोळे मिटून घेतले.

“गोष्ट चांगली होती,” तो म्हणाला. आवाज अगदी बद्द निघाला.

तिने पाकीट खाली ठेवलं. मग विचारलं, “कुठली?”

“दोन्ही.”