चिरेखाणीतला गुळाचा खडा

वाण्याने गुळाची ढेप फोडली, वास आला, आणि मी पुन्हा दहा वर्षांची होऊन बाबांचा डबा घेऊन जांभ्या दगडाच्या चिरेखाणीत उभी राहिले. बाबांच्या पापण्यांवरसुद्धा लाल धूळ होती. त्यांनी मास्क मागितला, तर खाणीच्या शेटने हातावर गुळाचा खडा ठेवला. "खा रे, धूळ उतरते." अर्धा खडा बाबांनी मला दिला. शेट मला देवमाणूस वाटला!

आता डॉक्टर सांगतात, "हृदय रक्त फुप्फुसांत ढकलतं, ते तिथून प्राणवायू घेऊन येतं. यांची फुप्फुसं धुळीने कडक झालीत, हृदय ढकलून ढकलून थकलंय."

गूळ पोटात गेला, धूळ छातीतच राहिली.

बाबांच्या भरपाईसाठी मी केलेल्या दाव्याची उद्या शेटविरुद्ध सुनावणी आहे. बाबांच्या एक्स-रेवर गुळाचा खडा ठेवून त्याच्यापुढे सरकवणार आहे. "घ्या शेट, तोंड गोड करा."