टाचणीकाकूंची परभाषा

ओठांत सतत दोनचार टाचण्या धरलेल्या असायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना टाचणीकाकू म्हणे. तीस वर्षं त्या एकाच खोलीत, एकाच मशीनवर लोकांचे कपडे ढिले-घट्ट करून देत होत्या. मुलीने नोकरीला लागल्यावर तिघांची परदेशाची तिकिटं काढली, तेव्हा काकूंनी मशीनवर झाकण घातलं आणि तडक वाचनालय गाठलं.

"बॅगा घ्यायच्या सोडून पुस्तकं?" काकांनी विचारलं. काका बसड्रायव्हर. रस्ता चालवून कळतो, वाचून नाही, हे त्यांचं ठाम मत.

"अहो, माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावते का मी?"

त्या देशाबद्दल वाचनालयात तीनच पुस्तकं निघाली. इतिहासाचं पहिल्या राजापाशीच अडलं. नकाशांचं काकांना दिलं, तर ते त्यावर डोकं ठेवून झकास झोपले. तिसरं तिथली भाषा शिकवणारं, साठ वर्षांपूर्वी छापलेलं. ते मात्र काकूंनी सोडलं नाही. काज करता करता पाठांतर चाले, तेही तोंडात टाचण्या धरून. गिऱ्हाइकं घाबरून विचारत, "काकू, टाचणी गिळली की काय?"

"आई, फोन सगळं बोलून दाखवतो गं," मुलगी म्हणायची.

"दाखवू दे की. मलाही तोंड आहे."

तिथं पोचल्यावर चलती फोनचीच. खोली, तिकिटं, जेवण, सगळं चुटकीसरशी. काकूंनी हॉटेलातल्या वेटरला पुस्तकातलं एक वाक्य ऐकवलं, तर तो हसू दाबत आत पळाला. काकू हिरमुसल्या. पुस्तक पर्सच्या तळाशी गेलं.

तिसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या पायऱ्या चढताना काकांची पँट मागून टर्रकन उसवली. काका भिंतीला पाठ लावून उभे राहिले ते हलेनात. मुलीने फोनला सांगितलं, "सुई हवी आहे, कुठे मिळेल?" फोन बोलला. पायऱ्या उतरणाऱ्या एका बाईंनी ते ऐकून काळजीने काकांकडे पाहिलं आणि तिघांना थेट औषधाच्या दुकानात नेऊन पोचवलं. दुकानदाराने इंजेक्शनची सुई काढून ठेवली.

"मी आहे तसा ठणठणीत आहे!" काका मागच्या मागे दाराकडे सरकले.

दोन दुकानं सोडून एक शिलाईचं दुकान होतं. आत गळ्यात टेप अडकवलेली एक म्हातारी शिंपीण. काकूंनी पुस्तक उपसून काढलं, 'शिंप्याकडे' हा धडा उघडला, घसा खाकरला आणि एक वाक्य खणखणीत म्हटलं. आई काय बोलली ते कळावं म्हणून मुलीने फोन पुढे धरला. फोन मराठीत म्हणाला, "हे सन्माननीय गृहस्वामिनी, आपल्या कृपाप्रसादे मज एक सुई लाभेल काय?"

म्हातारी इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. मग डोळे पुसत ती काहीतरी बोलली. "माझी आजी अशी बोलायची," फोनने सांगितलं. "ती गेल्यापासून हे शब्द कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते."

तिने सुई दिलीच नाही, मशीनवरची स्वतःची जागा दिली. काका पडद्याआड गेले, पँट काकूंकडे आली. काकूंनी घातलेली टीप म्हातारीने नखाने ओढून पाहिली, मान डोलावली आणि आपलं अडलेलं काम पुढे केलं. एका कोटाची कॉलर बसत नव्हती. दोघी त्या कॉलरीला भिडल्या. मधूनच काकू पुस्तकातलं एखादं वाक्य फेकायच्या आणि म्हातारी खुदुखुदु हसायची.

"आई, संग्रहालय बंद झालं!" मुलगी वैतागली.

"होऊ दे गं," पडद्यामागून काका म्हणाले, "आधी माझी पँट द्या कुणीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या शर्टाचं बटण तुटलं. ते आपोआप तुटलं, असं काकू अजूनही शपथेवर सांगतात.