खाटेखालचा कीस

सुहासच्या खाटेखाली मेणाचा पांढरा कीस पडला होता, खवलेल्या नारळासारखा. मी बघतच राहिलो.

औलीच्या शिबिरातली आम्हा दोघांची स्कीची शर्यत नुकतीच संपली होती. काल या जुन्या मित्रानेच माझ्या स्कींच्या तळाला इस्त्रीने मेण लावून दिलं होतं. "आता याला हात लावू नकोस," म्हणाला होता. आज उतारावरसुद्धा मी चिखलातून चालल्यासारखा आलो. खाली शिक्षकांनी विचारलं, "मेण खरवडलं नाहीस? थंड झाल्यावर ते काढलं तरच स्की घसरते."

माणूस आपल्यासाठी काय करतो ते दिसतं. काय सांगायचं टाळतो, ते दिसत नाही.

"मला वाटलं, तुला ठाऊक असेल," मान वर न करता सुहास म्हणाला.

मी माझ्या स्कीवरून बोट फिरवलं. मेण मात्र त्याने फार मन लावून लावलं होतं.