मुकुंद सर आणि संमतीचा फॉर्म

मला काही कळत नाही, म्हणून मुकुंद सरांनी मला हॉस्पिटलच्या कमिटीवर घेतलं.

काल सकाळी सर गेले.

हृदयाचे डॉक्टर होते. आणि हृदयाचे डॉक्टर घडवणारे मास्तर होते.

आमच्या ह्यांना सरांनी स्टेंट घातला, तेव्हा सहीसाठी आलेल्या कागदाच्या पाठीवर मी पेन्सिलीनं प्रश्न लिहून पाठवले होते. माझी शाळा आठवीला सुटली. पुढचं जे काय आलं ते हाताला लागेल ते वाचून. सदाशिव पेठेत पिको-फॉलचं दुकान, एवढीच माझी ओळख.

ह्यांना घरी सोडताना सर म्हणाले, "शैलाताई, आमच्या पोरांना थिसिस करावा लागतो. पेशंटवर अभ्यास करायचा तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते. त्या कमिटीत बाहेरचं, डॉक्टर नसलेलं एक माणूस हवं. याल?"

"मला त्यातलं काही कळत नाही हो."

"कळणारे आहेत की आठ-नऊ जण."

मी गेले.

वर्षभर मी नुसती बिस्किटं खाल्ली आणि मान हलवली.

मग सरांच्याच हाताखालच्या निखिलचा थिसिस आला. लातूरकडचा मुलगा. हुशार, डोळ्याखाली कायम काळं. सर त्याचे गाईड, म्हणून नियमाप्रमाणे ते बाहेर जाऊन बसले.

विषय असा, की स्टेंट घातलेल्यांची सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी करायची, म्हणजे मनगटातून बारीक नळी घालायची, आणि आत काय झालंय ते बघायचं.

माझ्यासमोर मराठी फॉर्म होता. त्यात लिहिलेलं, "सहभागीस पुनर्तपासणीचा लाभ मिळेल."

मी निखिलला विचारलं, "छातीत दुखत नसेल तरी करायची?"

"हो काकू. सगळ्यांचीच."

"मग लाभ कुणाला?"

"ज्ञानाला."

"ज्ञानाच्या मनगटात सुई जाणारे का?"

कुणी हसलं नाही. मीही नाही. ज्या माणसानं माझ्या नवऱ्याला वाचवलं, त्याच्या विद्यार्थ्याला मी अडवत होते.

फॉर्म परत गेला.

पुढची मीटिंग दोन महिन्यांनी. तोवर विद्यापीठाकडे विषय नोंदवायची तारीख उलटणार. म्हणजे निखिलची टर्म गेली. सहा महिने.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. "एका वाक्यासाठी, काकू? घरी काय सांगू?"

मी चहा विचारला. नको म्हणाला.

संध्याकाळी सर आले. बायकांच्या गर्दीत, साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये उभे.

"शैलाताई, माझ्या पोराची टर्म घालवलीत."

मी मशीन थांबवलं.

"तो फॉर्म मी दोनदा वाचला होता," सर म्हणाले. "दोन्ही वेळा सही केली. मला ते वाक्य दिसलंच नाही."

मग स्टूल ओढून बसले. निखिलला फोन करून बोलावून घेतलं. माझ्या कटिंगच्या टेबलावर आम्ही तिघांनी नवीन फॉर्म लिहिला.

"ही दुसरी तपासणी तुमच्या उपचारासाठी नाही. आमच्या अभ्यासासाठी आहे. धोका कमी आहे, पण आहे. नको म्हणालात तरी तुमचे उपचार आहेत तसेच चालू राहतील."

निखिल वैतागला. "सर, असं लिहिलं तर सही कोण करणार?"

"न करू देत. मग आपण दुसरा विषय घेऊ."

पुढच्या मीटिंगला फॉर्म पास झाला. टर्म मात्र गेली ती गेलीच.

अभ्यासाच्या पहिल्या दिवशी सरांनी मला ओपीडीत बोलावून घेतलं. धायरीच्या एक मावशी होत्या. निखिलनं फॉर्म वाचून दाखवला. भरभर वाचत होता, सरांनी पुन्हा वाचायला लावला.

मावशी म्हणाल्या, "म्हंजे माझ्या कामाची न्हाई व्हय ही?"

"नाही, मावशी."

"मग नगं."

निखिलनं पेन खाली ठेवलं.

मावशींचा चेहरा बदलला. पदर सावरत सरांकडे बघून म्हणाल्या, "सायेब, राग न्हाई ना आला? गोळ्या चालू ऱ्हातील न्हवं?"

सर लगेच उठले.

मावशींचं बीपी स्वतः बघितलं. गोळ्या एकेक हातात घेऊन कुठली कधी ते सांगितलं. पुढची तारीख निखिलला लिहायला लावली आणि मावशींना दारापर्यंत सोडून आले.

परत येऊन म्हणाले, "निखिल, त्या घाबरल्या ते बघितलंस? आजवर किती जणांनी आपल्याला भिऊन हो म्हटलं असेल?"

पुढच्या पेशंटला मात्र निखिलनं फॉर्म सावकाश वाचून दाखवला.

ते लोणी काळभोरचे रिटायर्ड गुरुजी. सगळं ऐकून म्हणाले, "माझं झालं बाबा. पुढच्यांचं तरी नीट होऊ दे." सही केली.

बरेच जण नको म्हणाले. जे हो म्हणाले, ते समजून म्हणाले. निखिलला वाटलं होतं त्यापेक्षा थिसिस लहान झाला. पण झाला. निखिल सहा महिने उशिरा हृदयाचा डॉक्टर झाला.

सरांनी मला त्या मीटिंगबद्दल पुन्हा कधी टोकलं नाही. मात्र पुढे प्रत्येक विद्यार्थ्याला फॉर्म घेऊन आधी माझ्या दुकानात पाठवलं. "बाईंना कळला तरच मला दाखव."

काल वैकुंठ स्मशानभूमीत निखिल भेटला. आता कानाजवळ पांढरे केस. स्वतःच गाईड आहे.

"टर्म गेल्याचं अजून वाईट वाटतं, काकू."

"वाटणारच रे."



जाताना म्हणाला, "माझी एक विद्यार्थिनी आहे. सोमवारी फॉर्म घेऊन पाठवू का?"

म्हटलं, पाठव. दुकान अकराला उघडतं.

सर, तुमच्या विद्यार्थ्याला नाही म्हणायला मी फार घाबरले होते. तुम्ही स्टूल ओढून बसलात, म्हणून निभावलं.

पिको-फॉलवाल्या शैलाताईचा शेवटचा नमस्कार.