फुगलेल्या पैलवानाचं वजन

जर्मनीत डार्मश्टाटला मी पीएचडी करत होतो. विषय होता वाहत्या हवेचं वागणं. फाशिंग म्हणजे तिथला सोंगं काढायचा सण. त्या दिवशी इन्स्टिट्यूटमध्ये सगळे वेष करून यायचे. मी अंगानं काडीपैलवान, म्हणून लॅबमधल्या मित्रांनी माझ्यासाठी सुमो पैलवानाचा पोशाख मागवला. त्याच्या कमरेशी बॅटरीवरचा पंखा होता. तो लावला की पोशाख टम्म फुगायचा.

खोक्यावर वजन लिहिलं होतं दोन किलो. घरी काट्यावर पोशाख ठेवला, तर एक किलोही भरेना.

"हे फुगल्यावरचं असणार. आतली हवा धरून," मी बायकोला सांगितलं.

ती औषध कंपनीत केमिस्ट होती. कणीक मळता मळता म्हणाली, "बाहेरही हवाच आहे ना? मग काट्याला आतली वेगळी कशी कळेल?"

"पंखा ती दाबून भरतो."

"इतकी दाबली असती, तर शिवण उसवली असती."

हवेवर प्रबंध लिहिणाऱ्याला हे ऐकवेना. पोशाख अंगात घालून मी वजनकाट्यावर उभा राहिलो. आधी पंखा बंद ठेवून, मग लावून. फुगल्यावर पोटाआडून मला आकडाच दिसेना. बायको जमिनीवर आडवी झाली, आकडा वाचला आणि तशीच पडून हसत राहिली. फरक शून्य.

"काटा जुना झालाय," मी म्हणालो.

पार्टीत प्रोफेसरांनी हसत विचारलं, "आज तुमचं वजन किती?" मी खोक्यावरचा आकडा सांगून बसलो, "हवेसकट दोन किलो जास्त." झालं. "आल्झो," म्हणजे 'तर मग', म्हणत त्यांनी खडू उचलला. कुणी पोटाचा घेर मोजला, कुणी दाब काढला. फळा भरला, पण दोन किलो काही जमेनात. सोबत आलेली बायको कोपऱ्यात बटाट्याचं सॅलड खात शांतपणे बघत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "खोक्याचं वजन कुणी केलंय का?"

पोशाख ज्यातून आणला होता ते खोकं जाड पुठ्ठ्याचं होतं आणि आत बॅटऱ्यांचं जादा पाकीट तसंच पडलेलं. लॅबच्या काट्यावर ते ठेवलं आणि घरी भरलेलं पोशाखाचं वजन त्यात मिळवलं. दोन किलो.

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', प्रोफेसर म्हणाले आणि त्यांनी फळा पुसला. तेवढ्यात माझ्या पंख्याची बॅटरी संपली. पोट हळूहळू गुडघ्यांवर लोंबायला लागलं. चेन अडकली होती, त्यामुळे ना बॅटरी बदलता आली, ना पोशाख काढता आला; ट्राममध्ये मी तसाच बसलो. समोरच्या आजीबाईंनी मला निरखून पाहिलं आणि बायकोला हळूच विचारलं, "आजारी आहेत का हे?"

"नाही," बायको म्हणाली. "संशोधक आहेत."