बंबाचं पाणी
ओल्या लाकडाचा धूर नाकात गेला की कॅनडात सस्काटून शहराबाहेरच्या घरातला आमचा पहिला हिवाळा आठवतो. अंगणात टपरीएवढी लोखंडी भट्टी होती; तिच्यात लाकडं जाळून टाकीतलं पाणी तापायचं आणि जमिनीखालच्या पाइपांतून फिरून घर गरम ठेवायचं. त्या वर्षी टाकीतलं पाणी रोज कमी होऊ लागलं. गळती सापडेना, पण भट्टीच्या नळापाशी बर्फात बुटांचे ताजे ठसे होते. शेजारी सारखा कुंपणापाशी उभा दिसायचा, म्हणून माझा संशय थेट त्याच्यावर. नागपूरहून आलेले सासरेही म्हणाले, "जावईबापू, तो मलाही टक लावून बघत असतो." एका सकाळी मी किचनच्या खिडकीत दबा धरून बसलो, तर माझेच विंटर बूट घालून सासरे बाहेर पडले आणि त्यांनी नळाखाली बादली लावली. मी धावत जाऊन सांगितलं, त्या पाण्यात गंज लागू नये म्हणून केमिकल असतं. "बंब पेटलेला असताना शॉवर कशाला घ्यायचा?" ते म्हणाले. "तरीच अंगाला खाज सुटली. मला इथल्या साबणाचा संशय होता." शेजारी तेव्हाही कुंपणापाशीच होता. आमच्या भट्टीतून रोज बादली भरून नेणारा हा म्हातारा कोण, या संशयाने तो बिचारा थंडीत आमच्यासाठी पहारा देत होता, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय.