चहा देणारी नायिका

नाशिकरोडहून सीबीएसला जाताना त्या बाई रोज बसमध्ये दिसायच्या. पन्नाशीच्या, बिनलग्नाच्या. हातात कायम एकाच इंग्रज लेखिकेची कादंबरी, त्यात खुणेला बसचं तिकीट. वाचता वाचता गालातल्या गालात हसायच्या.

एकदा त्यांच्या शेजारी जागा मिळाली. संध्याकाळी मला बघायला मुलाकडची मंडळी येणार होती, म्हणून असेल, मी विचारलं, "शेवटी नायिकेचं लग्न होतं का हो?"

"इतरांची होतात," त्या म्हणाल्या. "ही सगळ्यांना चहा देते. आणि देता देता एकेकाला पुरतं ओळखते."

मी थक्कच झाले. चहा तर मीही देत आले होते, पण खाली मान घालून.

संध्याकाळी ट्रे घेऊन बाहेर गेले आणि मान वर केली. त्या दिवशी मुलाकडच्यांना मी बघितलं.